टाकीच्या पुढचे थांबे

मंगळवार, १४ तारीख
दुपार, जेवणं उरकल्यावर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं असेल, तर खुशाल ठेवा. आधी चहा घ्या, मग उघडा. भांडण तुम्हा बहीणभावाचं आहे, मी त्यात कधीच नव्हते, तेव्हा मला पत्र लिहायला कोणाची परवानगी लागत नाही असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. तुमची पाठ कशी आहे? लेक-जावई बरे आहेत ना? इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधुराज आत झोपलेत.

बातमी पोटात मावत नाही म्हणून आधी तीच सांगते. ताई, आम्ही जिंकलो! साक्षात नगरपालिकेशी भांडून जिंकलो!

आमचा चढ तुम्ही पाहिलेला आहे. बस स्टेशनवरून निघते. बाजार, दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, आणि तिथून वळून चढावर, थेट आमच्या दारापर्यंत. तर नगरपालिकेच्या मनात आलं की बस टाकीपासूनच परत फिरवायची. एक नगरसेवक आहेत, आम्ही त्यांना आकडेशास्त्री म्हणतो, कारण ते 'शुभ सकाळ' सुद्धा टक्केवारीत म्हणतील. त्यांचं म्हणणं, टाकीच्या पुढे बस रिकामी जाते. टाकीपासून वर यायचं म्हणजे तरणाताठा माणूसही मध्येच कठड्याला टेकतो. वरची बस बंद झाली असती तर आम्हाला हे घर विकावं लागलं असतं आणि मुलाकडे जाऊन राहावं लागलं असतं. मुलगा-सून मनापासून 'या' म्हणतात, पण त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं म्हणजे उरलेलं सामानच. माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत.

पहिल्या सभेला आम्ही अगदी नटूनथटून गेलो. उंच छताचा हॉल, अर्धगोलात नगरसेवकांच्या खुर्च्या, मधोमध नगराध्यक्षा, आणि मागे लाकडी कठड्याच्या पलीकडे आम्हा लोकांची बाकं. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर. रस्त्यावरचे दिवे मंजूर. मोकाट कुत्री पुढच्या सभेत. बागेच्या फाटकाला कोणता रंग द्यावा यावर एवढी खडाजंगी झाली की मला वाटलं आता खुर्च्या उडतात. मग नागरिकांची पाळी. एकेकाला तीन मिनिटं. एकाच्या जागी दुसऱ्याने बोलायचं नाही, आणि ज्याची पाळी चालू आहे त्याला मध्ये कोणी तोडायचं नाही. तीन मिनिटं झाली की सभालिपिक टेबलावरची पितळी घंटी वाजवतात.

आता आमच्या चढावरची माणसं! थोरामोठ्यांची विचारपूस केल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही. शिंपीणकाकू उठल्या. नगराध्यक्षांचे आभार, उपाध्यक्षांचे आभार, पाणी आणून देणाऱ्या शिपायाचे आभार. टिंग. मास्तर उठले. चढावर पहिलं घर कधी बांधलं तिथून त्यांनी सुरुवात केली आणि त्या घराचं छप्पर चढायच्या आत टिंग. औषधांच्या दुकानवाल्यांनी काही चुकलंमाकलं तर आधीच माफी मागून ठेवली, आणि ती मागता मागता टिंग. मग मी. ताई, मी जन्मभर मुलींना टायपिंग शिकवलं, घड्याळ लावून शब्द मोजले. आणि मी काय केलं? आकडेशास्त्रींच्या आईची तब्येत विचारली! ते बिचारे सविस्तर सांगत बसले. टिंग.

बसबद्दल कोणी अवाक्षरही बोललं नाही. ठराव त्याच दिवशी मंजूर व्हायचा, पण मतदानाच्या वेळी पाहतात तर निम्मे नगरसेवक जेवायला पळालेले. गणसंख्या भरेना, म्हणून विषय पुढच्या महिन्यावर गेला. त्यांच्या भुकेने आम्हाला तारलं. त्या संध्याकाळी बसमध्ये कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

मग सूत्रं मी हातात घेतली. सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं, जुन्या टायपिंगच्या स्टुलांवर बसवलं. एकच भाषण टाइप केलं आणि कात्रीने त्याचे तुकडे केले. एकाचं जिथे संपेल, तिथून दुसऱ्याने उचलायचं. 'सन्माननीय' नाही, आभार नाहीत, आई-वडिलांची चौकशी नाही.

शिंपीणकाकूंचा चेहरा पडला. "अगं, नमस्कारसुद्धा करायचा नाही? लोक म्हणतील, चढावरच्यांना काही रीत आहे की नाही!"

"मनातल्या मनात करा, काकू."

"मनातला नमस्कार पोचतो का?"

"पोचतो. आणि घंटीच्या आधी पोचतो."

आठवडाभर तालीम चालली. मास्तर सारखे इतिहासात शिरायचे, मी ओढून बाहेर काढायची. बंधुराज कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसायचे आणि वेळ संपली की टेबलावर बोटं वाजवायचे. एरवी अशा वेळी त्यांनी घर कसं डोक्यावर घेतलं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

परवाच्या शुक्रवारी दुसरी सभा झाली. फाटकाचा रंग अजून ठरलेला नव्हता, तो पुन्हा ठरला नाही. मग आमची पाळी. काकू उठल्या, पदर सावरला, ओठ घट्ट मिटून कोणाला तरी मनातला नमस्कार केला असावा, आणि सुरू झाल्या. "बस वर रिकामी जाते, कारण ती आम्हाला आणायला जाते. सकाळी खाली येताना तिच्यात उभं राहायला जागा नसते. ते कोणी पाहायला आलं होतं का?" टिंग व्हायच्या आत खाली बसल्या. मास्तरांनी पुढचा तुकडा उचलला, त्यांच्याकडून दुकानवाल्यांनी, आणि शेवटचा मी. आकडेशास्त्री कागद उलटेपालटे करत होते. मला वाटलं, झालं आमचं काम.

तेवढ्यात सभालिपिकांनी आणखी एक पाळी पुकारली. "माजी कंडक्टर, शेवटचा थांबा."

बंधुराजांनी मला न सांगता स्वतःचं नाव दिलं होतं.

ताई, आता सांगायलाच हवं. मघाशी गुडघ्यांचं म्हटलं ते खोटं होतं, माझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी तुमच्या भावाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्यांना बोलता येत नाही. श्वास गळ्यावरच्या छिद्रातून घेतात, त्यावर मऊ रुमाल बांधतात. चढ चढायचा तर दम पुरत नाही, आणि तपासणीला खाली मोठ्या दवाखान्यात जावं लागतं, म्हणून बस. डॉक्टर म्हणतात गाठ समूळ गेली, माणूस खणखणीत आहे. खरंच खणखणीत आहेत. जेवण, झोप, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं, सगळं पूर्वीसारखं. नावं पाटीवर लिहून ठेवतात, एवढंच.

तर ते उठून बोलायला उभं राहायच्या जागी गेले. नगराध्यक्षांच्या लक्षात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या वतीने दुसऱ्या कोणाला..." आणि थांबल्या, कारण नियम त्यांनाच ठाऊक. यांनी हातानेच सांगितलं, गरज नाही. मग डावा हात वर केला, बसच्या दांड्याला धरावा तसा. उजव्या हाताने नसलेली दोरी ओढली. आणि ओठ हलवले.

कोणाला काही कळेना. मला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला, की लोकांसमोर हे कशाला.

माझ्या मागून शिंपीणकाकू एकदम ओरडल्या, "बाजार! बाजारवाले उतरा!"

सगळा जन्म ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांना ओठ पुरले. एकाच्या पाळीत दुसरं कोणी बोललं म्हणून सभालिपिकांचा हात घंटीकडे गेला. यांनी त्यांच्याकडे बघून एक बोट वर केलं: माझी पाळी चालू आहे. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा ओठ हलले, आणि अर्धी बाकं बोलली, "दवाखाना! पेशंटला आधी उतरू द्या!" मग "शाळा! दप्तरं सांभाळा रे!" आणि "पाण्याची टाकी!" असे ओठ हलले तेव्हा तर सगळीच बाकं बोलली.

टाकीपाशी यांनी हात खाली घेतला. नगरसेवकांकडे पाहत नुसते उभे राहिले. बस तिथे थांबते म्हणजे काय, ते पहिल्यांदा त्या खुर्च्यांना कळलं असेल. मग त्यांनी पुन्हा हात वर केला, "मोठं झाड!" आणि त्याच्या पुढचा थांबा आम्ही म्हणायच्या आधी आवाज आला, "दगडी पायऱ्या!" आमच्यातला नव्हे, ताई. खुद्द नगराध्यक्षांचा! लहानपणी त्या तिथेच उतरायच्या म्हणे. चष्मा सारखा करत त्या लालबुंद होऊन म्हणाल्या, "हे इतिवृत्तात घेऊ नका."

"शेवटचा थांबा! कोणी राहिलं नाही ना?" हे आम्ही सगळ्यांनी मिळून विचारलं. बंधुराजांनी वाकून बाकांखाली पाहिलं, जसे रोज बसमध्ये पाहायचे. तेव्हा कुठे घंटी वाजली.

मत घ्यायला हात वर करायला सांगितलं. बस तोडायच्या बाजूने आकडेशास्त्री आणि त्यांच्या शेजारचे एक गृहस्थ. त्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वर केलेल्या हाताने कान खाजवून तो खाली घेतला. ठराव साफ पडला! वर शेवटच्या थांब्याला निवारा बांधायचं एका सदस्याने सुचवलं आणि तेही तिथल्या तिथे मंजूर झालं. आम्ही तर तो मागितलाही नव्हता. काकूंना आवरेना, त्यांनी उठून आधीच्या सभेतले आणि या सभेतले सगळ्यांचे आभार एकदम मानून टाकले, आणि घंटी वाजवायला कोणी धजलं नाही.

परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हरने टाकी ओलांडताना उगाचच भोंगा दाबला. दुकानवाले तर बेसूर का होईना, गात होते. बंधुराज दारातल्या दांड्याला धरून उभे होते, सीट देऊ केली तर डोळे वटारत होते. मला माझ्या लग्नातले ते आठवले. इतकी मी खूप दिवसांत सुखावले नव्हते.

एवढं झाल्यावर मला गप्प बसवेना. ताई, लेकीच्या लग्नात भर मांडवात तुमचा भाऊ कंडक्टरच्या आवाजात ओरडला होता, "चला, जेवणवाले पुढे सरका!" जावयाकडची माणसं हसली, तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, "तुझा तो आवाज मला जन्मात पुन्हा ऐकवू नकोस." रागात कोणीही म्हणेल. मी असते तर याहून वाईट म्हणाले असते. पण ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर पहिली ओळ लिहिली ती ही: "ताईला कळवू नको. तिला तिचं बोलणं आठवेल."

म्हणून वर्षभर माझा हात धरलेला होता. गाठ कोणाच्या बोलण्याने होत नाही. मी मुद्दाम डॉक्टरांना विचारून घेतलं, तुमच्यासाठीच विचारलं. ते हसले. तुम्हीही मनातून काढून टाका. तुमच्या भावाने तर केव्हाच काढलं आहे. त्यांना तुमचा राग आलेला मी पाहिला नाही. तुम्हाला दुःख होईल एवढीच भीती पाहिली. तुमची आठवण मात्र रोज काढतात. आणि ती काढतात हे मला दिसू नये म्हणून जी धडपड करतात, ती तुम्ही पाहायला हवी होती.

आता पुढचं थोडं घाईत लिहिते आहे, कारण ते उठलेत. माझ्या मागे उभे आहेत. कधीपासून, देव जाणे. मी हाताने कागद झाकला, पण तो काय झाकला जातो! पहिल्यापासून सगळं वाचलं. मला वाटलं आता पत्राचे तुकडे होणार. त्यांनी माझ्या हातातलं पेन मागितलं आणि खुणेने सांगितलं, तू सही कर आणि खाली जागा सोड.

तुमची,
कोणाला न विचारता पत्र लिहिणारी,
वहिनी


ताई,
आता तू हवं तेवढं बोल. मी मध्ये बोलणार नाही.
बस वरपर्यंत येते. शेवटच्या थांब्यावर मी उभा असतो.