सुरयांच्या बेटावरून

दाजी,

चार दिवस हे पत्र टाळतोय. सोमवारी लोणी देवकरला तुमच्या कंपनीत हजर व्हायचं होतं. "पोरगं माझ्या जबाबदारीवर घ्या," असं तुमी साहेबांना सांगितलेलं, ते विसरलो न्हाय. पण मी गेलोच न्हाय.

तासभर लवकर पोचलो, म्हणून उजनी धरणाचं पाणी बघायला गेलो. तितं मासे धरणारे एक म्हातारे, भीमामामा, जाळी घेऊन निघालेले. "येतोस का बेटावर? पाणी हटलं की उन्हाळ्यापुरतं वर येतंय," म्हणाले. बसलो होडीत.

बेटावर झाड न्हाय, घर न्हाय. पाय टाकणार तोच मामा ओरडले, "बूट काढ आधी, आंधळ्या." वाळूत खड्यांसारखी दिसणारी अंडी होती, उघडीच. नदीसुरय पक्ष्यांची. म्हणून मासेमारी करणारे हितं अनवाणीच चालतात, पायाला कळावं म्हणून. भर दुपारी पक्षीण पाण्यात पोट भिजवून येते अन् अंडी गार करायला त्यांच्यावर बसते. मग शेकडो सुरय एकदम उठले, तेव्हा आभाळच हलल्यागत झालं. दाजी, मी बूट हातात धरून वरच बघत ऱ्हायलो.

मला मामांबरोबर हितंच ऱ्हायचंय. तुमचा शब्द खाली पडला, त्याची लाज वाटतीय. साहेबांना काय सांगाल?

थांबा, होडी येतीय. मामांबरोबर तुमीच हाय, कंपनीच्या शर्टात उभे, माझ्यावर हात उगारून. पण सुरय उठलेत, अन् तुमची मान वर हाय, तोंड उघडं. मामा म्हणतायत, "पाव्हणं, खाली बसा, होडी उलटंल."

तुमी काय बसत न्हाय.

तुमचा मेहुणा,
इंद्रजित