चौसष्ट जीबीत मावणारा माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार
सेंट ब्रिजिडची सुट्टी, इथल्या संतिणीच्या नावाची. पाऊस. रेवाचा फोटो काढायला गेलो तर कॅमेरा उघडेना. फोन म्हणतो, जागा भरली. रेवा इंग्रजीत म्हणाली, डॅड, तो फोन म्युझियमला देऊन टाक. मी मराठीत सांगितलं की फोन जुना नाही, शिस्तीचा आहे. चौसष्ट जीबीत सात वर्षं काढली. ती निघून गेली.

नवा घ्यायचं ठरवलं. प्रश्न एकच, किती जीबी. लोक विचार करत नाहीत. मोठा घेतात, त्याचा उकिरडा करतात आणि मग आणखी मोठा घेतात. ज्याला काय टाकायचं ते कळतं त्याला जागा कमी लागते.

निर्णय: १२८. विषय संपला.

५ फेब्रुवारी, बुधवार
मागच्या घरांच्या रांगेत राहणाऱ्या विवेकने लिफ्ट दिली. त्याने एक टीबीचा फोन घेतलाय. त्यात तेवीस हजार फोटो आहेत आणि तो ते सिग्नलला दाखवतो. गणपतीत मंडळाच्या पंगतीचे, प्रत्येक पानाचे वेगळे. कोणाच्या तरी अर्ध्या खाल्लेल्या मोदकाचा एक. शिसारी आली. म्हटलं, हे पुन्हा कधी बघणार. म्हणाला, बघायला कोण ठेवतं, असावेत म्हणून ठेवायचे.

त्याला सांगितलं की मी दिवसभर फोटोच बघतो. आमच्या प्लांटमध्ये कॅथेटर, म्हणजे शरीरात घालायच्या नळ्या, बनतात, त्यांच्या टोकांचे फोटो माझ्या स्क्रीनवर येतात. कुठे चरा, कुठे डाग, कोणतं टोक फेकायचं, हे मी ठरवतो. अकरा वर्षांत माझ्या नजरेतून डाग सुटलेला नाही. विवेक म्हणाला, म्हणूनच तुझ्याबरोबर जेवायला कोणी बसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
विचार केला की जुना फोन साफ केला तर नव्याचा आकार नेमका कळेल. बसलो. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की कचरा माझा नाहीच. आप्पांचा आहे.

आप्पा मिरजेला एकटे असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना फोन घेऊन दिला तेव्हा त्यावर माझंच अकाउंट घातलं. त्यांना पासवर्डची कटकट नको, आणि त्यांनी फोटो काढला की तो आपोआप माझ्याकडे. सांगून ठेवलंय, औषधाची, बिलाची, दुखण्याखुपण्याची, कसलीही शंका आली की फोटो काढा. फोन करू नका, मी मीटिंगमध्ये असतो. मी बघतो. इथले बाकीचे लोक आईवडिलांशी रोज तासभर बोलतात आणि त्यांना काहीच देत नाहीत. मी सिस्टिम दिली.

त्या सिस्टिमचं काय केलंय बघा. विजेचा मीटर. दोडक्याची भाजी. गोळ्यांचं पाकीट, पुढून आणि मागून. आणि पाय. उजवा पाय, वरून काढलेला. काल एक, परवा एक, त्याआधीही. म्हातारी माणसं कॅमेरा चुकून उघडतात, फोन खाली धरलेला असतो, मग पायच येणार. नखं, भेगा, सुजकट कातडी. आमटी समोर तशीच राहिली.

सगळे उडवले. डिलीट केलेले फोटो महिनाभर एका कोपऱ्यात पडून राहतात. तिथूनही उडवले. अर्धवट काम मला जमत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आणखी तीन पाय.

उडवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
ब्लँचर्डस्टाउनच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, फोनमध्ये काय काय ठेवता. म्हटलं, काही नाही. मग १२८ ग्रँड, म्हणजे झकास, म्हणाली, आणि खोका काढायला वळली. इतक्या सहज हो म्हणणाऱ्याकडून वस्तू घेऊ नये. परत आलो. बसमध्ये शेजारचा माणूस स्वतःच्या कुत्र्याचे व्हिडिओ बघत होता. कुत्रं झोपलेलं होतं. लिफी व्हॅलीच्या स्टॉपपर्यंत झोपलेलंच होतं.

२५६ चा विचार करायला हरकत नाही. गरज म्हणून नाही. तत्त्व म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार
आप्पांना रविवारचा फोन. साखर कशी आहे, विचारलं. आहे, म्हणाले. मग म्हणाले, फोटो आपोआप जातात रे माझ्या फोनमधून. समजावलं की अकाउंट एकच आहे, मी इकडे काढला की तिकडचाही जातो. म्हणाले, म्हणजे तू बघतोस. म्हटलं, बघितल्याशिवाय काढीन कसा. खूश झाले. म्हणाले, मग मला घोर नाही, तू बघितलास की झालं.

तंत्रज्ञानाने माणसाला इतकं समाधान मिळतं हे मी नेहमी म्हणत आलोय.

पुढे पायाचं काहीतरी सांगायला लागले. मी त्याच वेळी १२८ आणि २५६ ची तुलना करणारा व्हिडिओ लावला होता आणि तो महत्त्वाच्या जागी आला होता. हो हो म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पाय चालूच. पण आज नजरेने काम केलं. आप्पांच्या लेन्सवर डाग आहे. चारही फोटोंत एकाच जागी, करंगळीच्या शेजारच्या बोटावर पडतो. काळपट, कडेला पिवळसर. परवाच्यापेक्षा आजचा मोठा. तेलाचा असावा. फोडणी करताना फोन हातात धरतात.

रेवाने मागून डोकावलं. ग्रोस, म्हणाली. आजोबांचं बोट काळं का झालंय, असंही विचारलं. तिला समजावलं की वस्तूवरचा डाग आणि लेन्सवरचा डाग वेगळा असतो. डाग वस्तूवर असता तर फोटोगणिक त्याची जागा हलली असती. हा हलत नाही. तिने विचारलं, आणि आजोबा दर वेळी पाय एकाच जागी ठेवत असतील तर. हे तिच्या शाळेत शिकवतात, प्रत्येक गोष्टीला उलट विचारायचं. तिला दात घासायला पाठवलं.

आप्पांना मेसेज: लेन्स सुती कापडाने पुसून घ्या.

उत्तर: पुसली.

उडवले.

२३ फेब्रुवारी, रविवार
लेन्स नीट पुसलेली नाही. डाग आहे तसाच. आप्पांना फोनवर स्पष्ट सांगितलं. आप्पा, तुमच्या या फोटोंनी माझी जागा जाते. एकेक फोटो तीन-तीन एमबीचा. गरज असेल तरच काढा. म्हणाले, बरं, तुला अडचण नको. जेवलास का, विचारलं. म्हटलं, इकडे अजून सकाळ आहे.

थोडं कडक बोलावं लागतं. मुलांशीही आणि म्हाताऱ्यांशीही.

२ मार्च, रविवार
आठवडाभर आप्पांचा एकही फोटो नाही. शिस्त लागली. फोनमध्ये अकरा जीबी मोकळे. हलकं वाटतं.

आता १२८ सुद्धा जास्त वाटतो. पण त्याहून कमीचा फोन मिळत नाही म्हणतात. बाजार आपल्याला उकिरडा करायला भाग पाडतो, हे विवेकला गाडीत पटवत होतो. तो म्हणाला, तू फोन घेऊच नकोस, एक विटकर घे. विटकरीत काहीच मावत नाही.

स्वरूपा म्हणाली, लग्नाला हो म्हणायला तुला याच्या निम्माही वेळ लागला नव्हता. म्हटलं, तेव्हा पर्याय कमी होते. संध्याकाळी मला भात आणि ताक. त्या दोघी बाहेर पिझ्झा खाऊन आल्या.

आप्पांना फोन करायचा राहिला. दोन तुलना वाचायच्या होत्या.

६ मार्च, गुरुवार
कंपनीत सर्वांसमोर मॅनेजरने माझ्या नजरेचं कौतुक केलं. पूर्ण लॉट परत पाठवला मी. एका टोकावर केसाएवढा चरा होता.

त्या उत्साहात निर्णय: २५६. अंतिम.

९ मार्च, रविवार
२५६ चा निळा रंग संपला आहे. काळा आहे. काळा मला नको. पुढच्या आठवड्यात.

आप्पांचा फोन लागला नाही. दुपारी झोपत असतील.

१० मार्च, सोमवार
सकाळी स्वप्नालीचा फोन. माझी बहीण, कोल्हापूरला असते. मीटिंगमध्ये होतो, उचलला नाही. तिने सलग सहा वेळा केला. इतका आततायीपणा आमच्या घरात कोणाकडून आला कळत नाही. सातव्यांदा उचलला.

आप्पा दवाखान्यात आहेत. उजव्या पायाचं बोट सडलंय. करंगळीच्या शेजारचं. शेजारच्यांना घरात वास आला, त्यांनी स्वप्नालीला कळवलं. दुखलं नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, दादा, साखरेने पायाची जाणीव गेलीय त्यांची, दोन वर्षं झाली. तुला माहीत नाही का.

माहीत होतं, म्हटलं.

डॉक्टरांनी विचारलं, हे सुरू कधी झालं. आप्पा बेडवरून म्हणाले, माझ्या मुलाकडे रोजचे फोटो आहेत, त्याला विचारा, तो मेडिकलमध्येच आहे. स्वप्नाली म्हणाली, फोटो पाठव, डॉक्टर थांबलेत.

बघतो, म्हटलं.

१० मार्च, दुपारी
गॅलरीत नाहीत. कोपऱ्यात नाहीत. अकाउंटवर नाहीत. फोनच्या कंपनीला चॅटवर लिहिलं. पलीकडून उत्तर आलं की तुमची निराशा आम्ही समजू शकतो, पण कायमचं काढलेलं कायमचं जातं. शेवटी विचारलं की आजच्या सेवेला किती तारे द्याल. किळस आली. कोणाची ते लिहीत नाही.

माझी चूक आहे असं नाही. चुकीच्या पद्धतीने वापरली तर कुठलीही सिस्टिम कोलमडते. आप्पांनी फोटोखाली एक ओळ लिहायला हवी होती.

११ मार्च, मंगळवार
बोट काढलं. स्वप्नालीने सांगितलं. येऊ का, विचारलं. म्हणाली, आता काय बघायला येतोस.

मग तिने आणखी सांगितलं. विचारलं नव्हतं. महिनाभर ती आप्पांना डॉक्टरकडे चला म्हणत होती, आणि ते दर वेळी म्हणायचे, ज्ञानू बघतोय ना. मी फोटो काढला की तो बघतो, आणि बघून झाला की काढून टाकतो. मला दिसतं ना गेलेला. काही असतं तर तो बोलला असता. तो परदेशात हेच काम करतो.

म्हटलं, मी लेन्स पुसायला सांगितलं होतं. तिने विचारलं, काय पुसायला. मी फोन ठेवला.

१२ मार्च, बुधवार
कामावर दोन टोकं चुकीची पास केली. शेजारच्या टेबलवरच्या बाईने पकडली. नो बॉदर, काही हरकत नाही, म्हणाली.

१७ मार्च, सोमवार
सेंट पॅट्रिकची सुट्टी. विवेक दारात आला, चेहऱ्यावर हिरवा रंग. चला ल्यूकनच्या मिरवणुकीला, म्हणाला. रेवा आणि स्वरूपा गेल्या. मी गेलो नाही. जुना फोन घेऊन बसलो. बरेच जीबी मोकळे आहेत. जे उरलंय ते पाहिलं. ऑफिसच्या पार्किंग पासाचे स्क्रीनशॉट. बॉयलरच्या मॅन्युअलची पानं. मीच निवडून ठेवलेलं, अत्यावश्यक म्हणून. पाहून वीट आला.

२२ मार्च, शनिवार
फोन घेतला. एक टीबी. काउंटरवर तीच बाई. तुम्ही काही ठेवत नाही म्हणाला होतात, म्हणाली. पिशवीत घाला, म्हटलं.

स्वप्नालीने आप्पांच्या फोनवर त्यांचं स्वतःचं अकाउंट उघडून दिलंय. ड्रेसिंगचे फोटो आता तिच्याकडे जातात. ती बघते आणि लगेच फोन करते. मला एक पाठव म्हटलं. पाठवला नाही.

२३ मार्च, रविवार
आप्पा घरी आले. व्हिडिओ कॉल केला. काठी घेतलीय. चांगले दिसत होते, म्हणजे तोंड दिसत होतं. नवा फोन दाखवला. जागा किती, विचारलं. एक टीबी, म्हटलं. कळलं नाही. म्हटलं, तुम्ही रोज शंभर फोटो काढले तरी माझ्या हयातीत भरणार नाही. रोज काढा. पायाचे काढा. मी बघीन.

म्हणाले, छान झालं रे. त्या जुन्या फोनमध्ये तुझी फार ओढाताण व्हायची. मला समजत होतं. म्हणून त्या मधल्या दोन आठवड्यांत काळं वर चढायला लागलं ना, तेव्हा मी फोटो काढलेच नाहीत. म्हटलं उगाच तुझी जागा कशाला खा.

मग म्हणाले, आता स्वप्नाली बघते, तू कामात असतोस. एवढ्या जागेत तू ठेवणार काय पण.

आप्पा, आवाज येत नाहीये, म्हणालो.

येत होता.