मुदत संपेपर्यंत मऊ भात

तीर्थस्वरूप सुचेतावन्संना श्यामलाचा कार्डिफहून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इथे सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे, तुमच्या भावाची डावीकडची एक दाढ सोडून. तीही तशी बरी आहे, पण तिच्याबद्दल घरात हळू आवाजात बोलायचं असतं. फोनवर हे सांगता आलं नसतं. (तुमचा फोन आला की हे स्पीकर लावून शेजारी बसतात.) म्हणून पत्र.

ती दाढ तुम्हाला आठवत असेल. तिच्यात दातापेक्षा सिमेंट जास्त. उन्हाळ्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी बघितली आणि म्हणाल्या, सध्या काही करायला नको, टिकेल तोवर टिकेल. तुटली तर मात्र क्राऊन लागेल. क्राऊन म्हणजे दाढेवर बसवायची टोपी. टोपीची किंमत ऐकून हे खुर्चीतून आपले आपणच उठले. (सरकारी दरात करणाऱ्या डॉक्टरांकडे आमची नावं यादीत आहेत. ती यादी आमच्यापेक्षा जास्त जगेल.) घरी येऊन म्हणाले, "विमा काढू."

वन्सं, लग्नाआधी यांनी मला इतकं पारखलं नव्हतं. एक विमा स्वस्त होता, पण टोपीचं नाव काढलं की गप्प. दुसरा टोपीचे निम्मे पैसे द्यायला तयार होता, पण वर्षाला एकाच टोपीचे. तिसरा फक्त अपघाताचा: तोंडावर चेंडू आदळून दात गेला तर खर्च त्यांचा, जेवताना गेला तर आपला. यावर यांनी गंभीरपणे विचार केला. मागच्या मैदानात मुलं रग्बी खेळतात, तिथे संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. शेवटी आमची अक्षया ग्लासगोहून फोनवर ओरडली, "बाबा, प्लीज, कोणाला तरी डायरेक्ट विचारा ना!" मग यांनी दुसऱ्या विम्याला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, दातांची काही तक्रार? यांनी तिला दाढेचं चरित्र सांगितलं. ती बिचारी सगळं ऐकून म्हणाली, डॉक्टरांनी उपचार सांगितलेला नाही ना, मग चालेल. मिसेसचं नाव घालायचं का? यांनी माझ्याकडे बघितलं. "हिला कशाला? ही अजून दातांनी ऊस सोलते." (इतक्या वर्षांत एवढी स्तुती पहिल्यांदाच झाली. मी लगेच आणखी एक चहा केला.)

विमा आला. सोबत बारीक अक्षरं आली. तपासणीचे पैसे लगेच मिळणार, पण टोपीसारखी मोठी कामं चार महिन्यांनी. त्याआधी दाढ तुटली तर ती आपली आपण निस्तरायची. तेव्हापासून दाढ जपणं हेच यांचं काम. सकाळी मऊ भात, रात्री मुगाची खिचडी, सगळं उजव्या बाजूने. बिस्किट चहात बुडवतात आणि ते पार विरघळेपर्यंत थांबतात. मंडळाच्या गणपतीत कोणी पंचखाद्य पुढे केलं, तर हे दोन पावलं मागे सरले. (लोकांना वाटलं, देवावरचा विश्वास उडाला.) मला हसू आवरत नाही. यांचं म्हणणं, मी हसले की त्यांनाही हसू येतं आणि दाढेवर दाढ आपटते.

आता मुद्दा. मुदत संपते दिवाळीनंतर आठवड्याने, आणि तुम्ही दिवाळीला चकल्या घेऊन येताय. तुम्हाला नाही म्हणण्याचं धैर्य यांच्यात नाही. तुमची चकली समोर आली की विमा आठवणारही नाही. परवा विचारत होते, "ताईची चकली कडक असते का गं?" मी म्हटलं, "छे, खुसखुशीत असते." म्हणाले, "तेच तर." तेव्हा यंदा चकल्या नकोत. बेसनाचे लाडू आणा. ते कोणत्याही बाजूने खाता येतात.

तुमची,
श्यामला

ता. क. गुडघ्यांची चौकशी उगीच केली नाही. गेल्या आठवड्यात यांच्या मऊ खिचडीत खडा निघाला, तो माझ्या घासात. उजवीकडची वरची दाढ अर्धी गेली. दुखत नाही, पण टोपी लागेल आणि माझा विमा नाही. यांना कळलं तर स्वतःला बोल लावत बसतील. तुम्ही परत जाताना मी बरोबर येते. तिकडे टोपी स्वस्तात होते, तुमच्या दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. यांना सांगा, गुडघ्यांमुळे सोबत हवी. नेहमीसारखी खाली यांच्यासाठी दोन ओळींची जागा ठेवली आहे. हे वरचं काही वाचत नाहीत, तरी हा मजकूर बारीक लिहिते.

ताई, नमस्कार. विम्याच्या कागदांपासून मला बारीक अक्षरं आधी वाचायची सवय लागली आहे. पण हे वाचायची गरज नव्हती. आठवडाभर ही माझ्यासमोर बसून डाव्या बाजूने जेवते आहे, आणि एका बाजूने जेवण्यातलं या घरात मला जास्त कळतं. बुधवारी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे तिची वेळ घेतली आहे. पूर्ण पैसे भरून. तिला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. तुझे गुडघे खरंच दुखत असले तर कळव. आणि चकल्या आण. तिची डावी बाजू आणि माझी उजवी धरली तर एक माणूस सहज खाऊ शकेल.

दीनानाथ