बर्फावर कुंकू

वादी कबीर, मस्कत
सोमवार

तीर्थरूप वसूताई,

मस्कतहून तुझ्या धाकट्या तानाजीचा नमस्कार. कंबर जितकी वाकू देते तितका वाकून केला आहे. कमी भरला तर उरलेला देवरुखला आल्यावर घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी सकाळचे फिरायला जातात, की नुसत्या चपला घालून कट्ट्यापर्यंत जाऊन परत येतात? इकडे भावना ठीक, मीही ठीक (हे तब्येतीपुरतंच धर). वादी कबीर तू सोडून गेलीस तसंच आहे. सकाळी शाळेच्या बसेस, दिवसभर गॅरेजमधली ठोकाठोक, आणि ऑक्टोबर लागला तरी दुपारी गाडीचं स्टीअरिंग फडक्याने धरावं लागतं. फोन न करता हे हाताने लिहितो आहे, कारण फोनवर मी नुसतं ‘ताई’ म्हटलं तरी तू ‘काय केलंस?’ म्हणून विचारतेस. तुझा तो अंदाज आजवर चुकलेला नाही, आणि या खेपेला मला तो सोसवणार नाही. भावना या पानांचे फोटो काढून तुला पाठवील. चष्मा लावून, बसून वाच. दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

तर तुझ्या देवेशचा फोन येईल. तो सांगेल की त्याने काहीतरी चावटपणा केला, म्हणून युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीममधून त्याला बाजूला केलंय, कप्तानकी गेली, आणि येत्या गुरुवारी दुबईवाल्यांशी परतीचा सामना आहे तो त्याला खेळता येणार नाही. हे त्याचं शेवटचं वर्ष, म्हणजे तो त्याचा शेवटचाच सामना. ताई, यातलं बाजूला केल्याचं खरं आहे. चावटपणा त्याचा नाही. कोणाचा, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, तर येऊ दे.

आधी ही हॉकी कुठली ते. तू शेजारणींना पोरगा हॉकी खेळतो म्हणतेस आणि त्या बिचाऱ्या मैदान समजतात. ही बर्फावरची. बाहेर माणूस उन्हात करपतोय आणि मॉलमध्ये एवढा मोठा बर्फाचा चौक, त्यावर पोरं पायात पाती लावून भिंगरीसारखी फिरतात आणि खोबऱ्याच्या वाटीएवढी रबराची चकती काठीने मारतात. (लहानपणी तूच त्याला तिथे न्यायचीस आणि शाल गुंडाळून बाकावर बसायचीस, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?) पुढे दाजी रिटायर होऊन तुम्ही गावी गेलात, इंजिनिअरिंग पुरं होईपर्यंत पोराला माझ्या हवाली केलंत, आणि युनिव्हर्सिटीत त्याचा पालक म्हणून माझं नाव दिलंत. त्या दिवशी मी छाती पुढे काढून हिंडलो होतो. आता ती छाती कुठे ठेवू असं झालंय.

आमचं वर्कशॉप बंद पडल्यावर देवेशनेच क्रीडा विभागात माझ्यासाठी शब्द टाकला हे तुला ठाऊक आहे. तिथलं स्टोअर माझ्याकडे आहे. स्केटच्या बुटांना तळाशी पोलादी पातं असतं, त्याला दोन कडांनी धार आणि मधून बारीकशी पन्हळ. ती धार लावायची मशीन मी व्हिडिओ बघून शिकलो. जन्मभर लेथ आणि ग्राइंडर हाताळलेला माणूस मी, मला ते जमलं. विभागाचे प्रमुख अमीन साहेब ओमानी आहेत, आपल्यापेक्षा सफाईने हिंदी बोलतात, आणि येता-जाता पोरांना सांगायचे की तानाजीभाईंच्या धारेवर अख्खी टीम उभी आहे. हे वाक्य मी घरी किती वेळा सांगितलं असेल ते भावनाला विचार. (नको, विचारू नकोस.)

आता गेला बुधवार. खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये एवढी वर्षं एक खंडेनवमी मी चुकवली नाही. लेथ धुवायचा, पुसायचा, तेल लावायचं, हळदकुंकू, झेंडू, नारळ. वर्कशॉपचा जुना मालक, आमचा अर्बाब, तोसुद्धा पेढ्यासाठी थांबायचा. तर या वर्षी माझ्या मनात आलं, आता माझी हत्यारं कोणती? हे स्केटच की. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मत्रहच्या बाजारातून झेंडू आणला, स्टोअरमध्ये चादर अंथरली आणि टीमच्या सगळ्या जोड्या ओळीने मांडल्या. पाती धुतली, पुसली. धुतल्यावर गंज चढू नये म्हणून भावनाच्या बाटलीतलं खोबरेल चोळलं. मग कुंकू. आता कोरडं कुंकू पोलादावर ठरत नाही, म्हणून ते तेलात चांगलं दाटसर कालवलं आणि प्रत्येक पात्याला आडवी बोटं ओढली. काठ्यांनाही लावलं. नारळ मात्र बाहेर पार्किंगमध्ये फोडला, तेवढी अक्कल होती. देवासमोर हात जोडून काय मागितलं ते आता लिहायचीही लाज वाटते. उद्या दसरा आहे, पोरं जिंकू देत, असं मागितलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सामना. स्केट द्यायची वेळ आली तेव्हा मी फडकं हातात घेतलं होतं, ताई, देवाशपथ घेतलं होतं. पाती तांबडी दिसत होती, तेल हाताला लागत होतं. पण सामन्याच्या दिवशी, त्यातून दसऱ्याच्या दिवशी, कुंकू पुसायचं? माझा हातच पुढे जाईना. वरवर फिरवलं आणि म्हटलं, राहू दे थोडं, राखण करील. पोरांना घाई, गाणी लावलेली, कोणी खाली बघितलंही नाही. बूट घातले आणि गेले.

आता एक गोष्ट तुला कळली असती, आईला कळली असती, देवरुखच्या कुठल्याही पोरीला कळली असती. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात का ठेवतात? मला मात्र ते मस्कतच्या बर्फावर उभा राहीपर्यंत आठवलं नाही. पाती बर्फाला टेकली आणि पन्हळीतलं तेल मेणासारखं घट्ट बसलं. धारच उरली नाही. शिट्टी वाजली, आमचा एक पोरगा वळायला गेला तो सरळ जाऊन भिंतीला टेकला. दुसरा त्याला उठवायला गेला आणि त्याच्याच शेजारी बसला. आमचा गोलकीपर तौहीद (एवढा दांडगा, जाळ्यासमोर उभा राहिला की जाळं दिसत नाही) जागच्या जागी हळूहळू गोल फिरायला लागला आणि थांबता थांबेना. देवेश तेवढा पडला नाही, पण तो काठी टेकत चालत होता, दाजी पावसाळ्यात परसातून चालतात तसा. लोक आधी हसले. मग बर्फावर जिथे जिथे आमची पोरं गेली होती तिथे तिथे तांबडे ओघळ आणि तांबडे खडे दिसायला लागले, आणि हसणं थांबलं. एक बाई किंचाळली. रेफ्रीने खेळ थांबवला. डॉक्टर पेटी घेऊन बर्फावर आला, तोही घसरला, आणि बसल्या बसल्याच एकेकाचे मोजे उतरवून जखम शोधू लागला. जखम कुणालाच नव्हती. मग बर्फ सारवायचं यंत्र आणलं. त्याने काय व्हायचं? होतं ते सगळीकडे पसरलं. सगळा चौक फिकट गुलाबी झाला, वरून कोणी सरबत ओतावं तसा. दुबईची पोरं मोबाइल काढून फोटो घेत होती. सामना त्यांना देऊन टाकला.

कोच कॅनडाचा, एरवी हसरा माणूस. त्याने आमच्या बाकाशी येऊन एक स्केट उलटा केला, बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, हे कोणी केलं? ताई, मी तिथेच उभा होतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन, भावनाने विणलेली कानटोपी घालून. तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. इतक्यात अमीन साहेबांनी माझ्याकडे बघितलं (नुसतंच बघितलं असेल) आणि मला वाटलं, गेली नोकरी, या वयात दुसरं कोण ठेवणार आपल्याला. तेवढ्यात देवेश उठला आणि इंग्रजीत म्हणाला, “मी केलं सर. गंमत म्हणून.”

मी बाटल्या खाली ठेवल्या, आणि परत उचलल्या. इतकंच केलं मी.

याहून वाईट काही नसेल असं तुला वाटत असेल तर पुढे वाच. आमच्या विभागाची रीत अशी की मुलाने बेशिस्तपणा केला की त्याच्या पालकाला बोलावून घ्यायचं. रविवारी मला निरोप आला. स्टोअरच्या तानाजीला नव्हे, देवेशच्या पालकाला. मी विभागाचा टी-शर्ट काढला, लग्नाकार्याचा शर्ट घातला, स्टोअरच्या मागच्या दाराने निघालो, उन्हातून इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या दाराने पाहुण्यासारखा आत गेलो. अमीन साहेबांनी उठून हात मिळवला. खजूर पुढे केले, कहवा ओतला. तू इथे राहिलेली आहेस, कप हलवून परत दिल्याशिवाय ओतणारा थांबत नाही हे तुला ठाऊक आहे. मी कप हलवला नाही. तोंड कहव्यात असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं. मी पीत गेलो, साहेब ओतत गेले, आणि माझीच समजूत घालत गेले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासारख्या सरळ माणसाच्या घरातला मुलगा, वय असं असतं, समज द्या त्याला. आणि मी म्हणालो, देतो. ताई, मी ‘देतो’ म्हणालो. वर ‘इन्शाल्ला’सुद्धा म्हणालो.

गाडीत देवेशला म्हटलं, मी उद्या जाऊन खरं सांगतो. तो म्हणाला, “मामा, चिल. माझी एक मॅच जाईल. तुझा जॉब गेला ना, तर तू दिवसभर घरी बसणार आणि मामी आपल्या दोघांना रोज दुधी देणार.” आणि खिडकीबाहेर बघत बसला. घरी येईपर्यंत त्याने मोबाइलही काढला नाही, यावरून काय ते समज.

तर हे असं आहे. त्याच्या फोनवर रागावू नकोस, एवढंच सांगायला लिहिलं. उद्या नक्की साहेबांकडे जातो. दाजींना नमस्कार, आणि मला आशीर्वाद दिला नाहीस तरी चालेल.

तुझा,
तानाजी

ता. क. फोटो काढता काढता भावनाने सगळं वाचलं. तिला तेलाची बाटली मी हरवली असं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “कुंकू माझं, तेल माझं, आणि शिक्षा भाच्याला?” आणि फोटो न पाठवताच पानं माझ्या हातात परत दिली. म्हणाली, आधी जाऊन या, मग पाठवते.

ता. क. मंगळवार. जाऊन आलो. या वेळी स्टोअरच्या दाराने, टी-शर्ट घालून. कहवा आला तर आधीच कप हलवायचा असं ठरवून गेलो होतो, पण कहवा आला नाही. सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून ‘इन्शाल्ला’पर्यंत.  साहेब म्हणाले, कुंकवाचं मी समजू शकतो, माझी आईसुद्धा नवीन गाडीपाशी धूप जाळायची. पण तुम्ही माझ्या समोर बसून मुलाला समज देतो म्हणालात.  मग त्यांनी विभागाची रीत सांगितली, जी मला पाठ आहे. म्हणाले, “तानाजीभाई, इधर जो गलती करता है, उसका गार्डियन आता है. आपका कौन आएगा?”

ताई, मी तुझा नंबर दिला.

उद्या सकाळी मस्कतहून फोन येईल. तो उचल, हेच खरं मागणं आहे, बाकीचं पत्र तेवढ्यासाठीच. साहेब तुला विचारतील, आपल्या भावाला समज द्याल का म्हणून. तू ‘देते’ म्हणालीस की देवेशचं नाव गुरुवारच्या टीममध्ये परत जाईल. माझ्या नोकरीचं ते नंतर बघू म्हणाले, आणि त्याबद्दल तू एक शब्द काढू नकोस. साहेबांना मराठी येत नाही, तेव्हा हिंदीतच रागाव, जशी येईल तशी.

ता. क. फोन स्पीकरवर असणार आहे. साहेब असतील, कोच असेल, आणि देवेश माझ्या शेजारी उभा असेल. तो ऐकतोय म्हणून काही गिळू नकोस. सगळं बोल.