हेन्कच्या खिडकीजवळचं धुराडं

मंगळवार, १८ नोव्हेंबर
उइटहॉर्न

घर पुन्हा गार पडलंय. स्वेटर घालून लिहितेय.

गेल्या आठवड्यात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारी नवी शेगडी बसवली. धुराडं मागच्या भिंतीवरून वर नेलं, म्हणजे शेजारच्या हेन्कच्या झोपायच्या खोलीला लागूनच. बसवणाऱ्याने विचारलं होतं, "शेजाऱ्यांची काही हरकत?" मी नाही म्हणाले. उन्हाळ्यात कुंपणावरून टोमॅटो देताना हेन्कनी स्वतः सांगितलं होतं, फुप्फुसं खराब झालीत, धूर अजिबात सोसत नाही. मला ते त्या क्षणी आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पण माणूस शिडीवर चढलेला, नवरा समीर ऑफिसात, आणि मला एकदाची ऊब हवी होती.

तेव्हापासून त्यांच्या त्या खोलीची खिडकी बंद. रोज बघते, बंदच.

आज संध्याकाळी त्यांची बायको मारायके आली. हेन्क सारखे खोकतात म्हणाली. समीर म्हणाला, "पण आमचं सगळं नियमात आहे."

"हो, नियमात आहे," म्हणाली आणि गेली.

मी शेगडी बंद केली. समीर चिडला, "मग थंडीत काय करायचं?" मी तशीच त्यांच्याकडे गेले, धुराडं हलवून घेतो म्हणून सांगायला. मारायकेने दारातच सरळ विचारलं, "त्यांच्या आजाराचं तुला माहीत होतं?"

"नाही."

तिच्या मागे, सोफ्यावर हेन्क बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.