आदर्श खोलीचे कुलूप काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
सेवाभावी संस्था कक्ष,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : आमच्या संस्थेस दिलेला आधार काढून घेण्याबाबत, तसेच खोलीचे कुलूप उघडण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : आमची खोली 'आदर्श' ठरल्याचे आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, मी निवृत्त परिचारिका असून आपल्या कार्यालयाने दिलेल्या खोलीतून आजारी माणसांना खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या फुकट वापरायला देते. काम झाले की लोक सामान परत आणतात आणि ते दुसऱ्या घरी जाते. इतकेच आमचे कार्य. ते नीट चालले होते, हीच बहुधा आमची चूक झाली.

गेल्या वर्षी आपण आमच्या 'बळकटीकरणा'साठी एक साहाय्यकारी संस्था पाठवलीत. ही संस्था स्वतः कोणाला काही देत नाही. देणाऱ्यांना बळकट करते. तिला बळकट करणारी आणखी एक संस्था तिच्या डोक्यावर आहे म्हणे. या उतरंडीत तळाशी पडलेल्या आजारी माणसाचा नंबर कधी लागणार, हे त्यांच्या पडद्यावरच्या चित्रांत कुठे दिसले नाही. ते अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. आमचे हिशेब चुकीच्या रकान्यांत जात होते, ते त्यांनी सुधारून दिले. त्याबद्दल आभार. तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना हारसुद्धा घातला असता.

पण नाही. आमच्या खाटा पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला त्यांनी शिबिराला बसवले आणि पाच वर्षांनंतरचे आपले स्वप्न कागदावर काढायला सांगितले. त्याने टेम्पोचे नवे टायर काढले. त्याला 'दृष्टीचा अभाव' असा शेरा मिळाला. त्या दिवशी एक खाट संध्याकाळपर्यंत दारात उभी होती आणि जिच्यासाठी ती होती ती आजी जमिनीवर.

मग मूल्यमापन झाले. आमच्या फळ्या रिकाम्या दिसल्या म्हणून 'साधनांची तीव्र कमतरता' असे लिहिले गेले. अहो, फळी रिकामी आहे म्हणजे सामान कोणाच्या तरी घरी कामी येते आहे, हे मी त्यांच्या समन्वयक साहेबांना परोपरीने सांगितले. साहेब म्हणाले, "मान्य आहे मॅडम, पण ते फोटोत दिसत नाही." यावर काय बोलावे? मी नोकरीत बेशुद्ध माणसांशीही बोलले आहे. त्यांच्याकडून जास्त प्रतिसाद मिळायचा.

त्यानंतर देणगीदारांची समिती पाहणीला येणार असे ठरले. परत आलेले सामान पुन्हा द्यायचे नाही, असा हुकूम निघाला. फळ्या भरल्या, खोली 'आदर्श' झाली, आपले अभिनंदनपत्र आले आणि दाराला साहाय्यकारी संस्थेचे कुलूप लागले. किल्ली आपल्या कार्यालयात. समितीची भेट दोनदा पुढे गेली आहे. आज तिसऱ्यांदा गेल्याचे कळले.

आता मुद्द्याचे. आमच्या गल्लीतले शिंपीकाका अर्धांगाने अंथरुणाला खिळले आहेत. पाठीला जखमा झाल्या आहेत. त्यांना हवेची गादी हवी. ती आमच्याकडे एकच आहे आणि आत कुलपात आहे. तिची खोळ काकांनीच शिवून दिली होती, एक पैसा न घेता. त्यांची सून रात्रंदिवस त्यांची कूस बदलते. काल ती खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. मला म्हणाली, "सिस्टर, ती काय समोर दिसतेय की हो! मग नाही कशी?" मला लाज वाटली. ती लाज मी या अर्जाद्वारे योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करीत आहे.

तरी साहाय्यकारी संस्थेचा हा आधार काढून घ्यावा आणि कुलूप उघडण्याची परवानगी तातडीने मिळावी, ही विनंती.

ता. क. वरील मजकूर लिहून झाल्यावर काकांची सून पुन्हा आली. ती या वेळी नुसती उभी राहिली. सबब कुलपाबाबतची वरील विनंती रद्द समजावी. टेम्पोवाल्याने माझ्या सांगण्यावरून चाकाच्या पान्याने कुलूप तोडले आहे. त्याला जबाबदार धरू नये. त्याला दृष्टी नाही हे आपल्या दप्तरी नोंदलेलेच आहे. कारवाई माझ्यावर करावी. खोली पुन्हा कमकुवत झाली असून फळ्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या होतील.

समितीला गादी पाहायचीच असेल तर शिंपीकाकांच्या घरी यावे. मात्र दारात मोठ्याने बोलू नये. बऱ्याच दिवसांनी त्यांना झोप लागली आहे.

आपली, नम्रपणा संपलेली,
(सही)
निवृत्त परिचारिका, खोलीची चालक
दिनांक : भेट तिसऱ्यांदा पुढे गेली तोच.

सोबत : तुटलेले कुलूप, एक. किल्ली आपल्याकडेच असल्याने जोडलेली नाही.