‘आत कोणी आहे का’ असं न विचारल्याचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा गुडघा, दोन आठवडे झाले वाकत नाही. तेव्हा सात अंगांचा नमस्कार पोचला असं समज. आठवं का राहिलं ते पुढे येईलच.) तुझं ब्लडप्रेशर, भाऊजींची कंबर आणि तुमच्या जिन्याखाली येऊन बसणारी ती मांजर, तिघांचं ठीक असावं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात हे पत्र मी कंपनीच्या स्टोअररूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दार सताड उघडं ठेवून लिहितो आहे. फोनच केला असता, पण घरात पोरीचे कान फार तिखट आहेत आणि कंपनीत सगळ्यांचेच. (वाचून झालं की भाऊजींना दाखवू नकोस. ते हसतील, आणि हसले की त्यांच्या कमरेत कळ येते.)

मुद्द्याचं आधी सांगतो, कारण मी विषय सोडून भरकटतो असं तू लहानपणापासून म्हणत आली आहेस. आमची पोर पंधरा दिवसांनी तुझ्याकडे राहायला येते आहे, चांगली तीन वर्षांसाठी, ध्वनिमुद्रण शिकायला. हे ठरलं ते तुझ्यामुळे. गेल्या वर्षी तिने विषय काढला तेव्हा मी म्हणून बसलो होतो की आवाज काय शिकायचा, तो तर येतोच. एवढंच बोललो, ताई. त्यानंतर तिने माझ्याशी सगळा व्यवहार तीन शब्दांत आटोपला: हो, नाही आणि बघू. जेवायला येतेस का म्हटलं की हो, बरं वाटत नाही का म्हटलं की नाही, आणि जरा बोलूया का म्हटलं की बघू. तू मध्ये पडून मला झापलंस, मी कबूल झालो, पण तिच्या तीन शब्दांचे काही चार झाले नाहीत. आता ती निघणार, आणि अशीच न बोलता निघून गेली तर, या विचाराने मी काहीतरी निमित्त काढून तिच्या आसपास घुटमळू लागलो.

अशात दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत पडदे ओढून सिनेमा बघत होती. मी आपला सहज जाऊन सोफ्यावर टेकलो. तिने उठायला सांगितलं नाही. उलट संपल्यावर म्हणाली, कसा वाटला? वर्षभरातला तिचा हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, फारच छान, असले आणखी आहेत का? (निम्मा सिनेमा मी उशीच्या आडून पाहिला होता आणि उरलेला पाहिलाच नव्हता.) तेव्हापासून दर रविवारी जेवणं आटोपली की आम्ही बसतो. जपानी, कोरियन, थाई. सगळे एकतर भुताचे नाहीतर खुनाचे. तुझी भावजय सोफ्याच्या टोकाला बसते आणि पाचव्या मिनिटाला गाढ झोपते, त्यामुळे घाबरायचं सगळं काम माझ्या एकट्यावर पडतं. पोरीला कशाचंच भय नाही, पापणीसुद्धा हलवत नाही. आणि माझं तर तुला माहीतच आहे. बादलीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तरी मी तुला हाक मारणारा.

पहिला होता जपानी. एका घरात रोज सकाळी दारामागे एक ओली छत्री सापडते. बाहेर ऊन. छत्री यांची नाही. आता साधा माणूस काय करील? शेजारी जाऊन विचारील. हे कुटुंब ती छत्री पुसतं, घडी करतं, स्टँडला लावतं आणि कामाला जातं. असं पाऊण तास. स्टँडमध्ये छत्र्यांची दाटी झाली तरी घरात कोणी ब्र काढत नाही. जपानी भुतांचं मला एक पटत नाही, त्यांना कसली म्हणून घाई नसते. मला लहानपणापासून माहीत असलेलं भूत कसं, आलं, मानगुटीवर बसलं, मोकळं झालं. हे नुसतं कोपऱ्यात उभं राहतं, तेही पाठमोरं, आणि आपणच मनात म्हणत राहतो की बाई, वळायचं तर एकदाची वळ. शिवाय त्या घरात दिवे असतात पण कोणी लावत नाही. मला राहवलं नाही म्हणून मी तीनदा उठून आमच्या खोलीतला दिवा लावला, तिने तीनदा तो बंद केला.

कोरियन सिनेमे खुनाचे. एक ड्रायक्लीनर असतो, त्याला वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या कोटांच्या खिशात एकाच सदऱ्याची बटणं सापडत जातात. अडीच तास. खुनी कोण ते अर्ध्यातच कळलं, मला हायसं वाटलं, मी चहा टाकायला उठलो. परत येतो तो खुनी बदललेला. चहा संपेपर्यंत आणखी एकदा बदलला. तिथले पोलीस सदानकदा जेवत असतात आणि ज्याच्या जिवावर बेतलं आहे तो माणूस फोन घरी विसरून येतो. पोरीने मत विचारलं. मी म्हटलं, पटकथा घट्ट आहे. (हे मी वर्तमानपत्रातून उचललं होतं.) ती म्हणाली, आणि आवाज? मी म्हटलं, जरा मोठा होता. ताई, ती तिथल्या तिथे पुन्हा ‘बघू’वर गेली आणि माझा पुढचा सबंध आठवडा त्या एका वाक्यावर पस्तावण्यात गेला. पुढच्या रविवारी तिला दया आली असावी. म्हणाली, बाबा, तुम्ही डोळे मिटता ते चूक, कान मिटा. भीती कानातून आत शिरते. आधी सगळे बारीकसारीक आवाज काढून घेतात, पंख्याचा, घड्याळाचा, रस्त्यावरचा, आणि मग आपल्याला आपलीच छाती ऐकू यायला लागते. मी कान मिटून पाहिले. तर डोळे उघडे राहिले, आणि ते जास्त वाईट.

मग आला थाई, आणि त्याने माझा घात केला. इस्पितळातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि दार आपोआप उघडतं. अरे, तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे काय दाखवता? दाराला कुलूप असतं आणि ते सुटलं तर लिफ्ट जागची हलत नाही. पुढे एक दोर तुटतो आणि लिफ्ट खाली कोसळते. दोर एक नसतो, चांगले पाच असतात. हे सगळं मी मोठमोठ्याने सांगत होतो, कारण बोलत राहिलं की भीती कमी वाटते. एवढ्यात त्यातला मेकॅनिक लिफ्टच्या छतावर उतरण्याआधी वाकून विचारतो, आत कोणी आहे का? लिफ्ट रिकामी आहे हे आपण नुकतंच पाहिलेलं असतं. आणि आतून येतात दोन ठोके, जरा थांबून तिसरा, आणि मग एका बाईचा आवाज: वर कोण आहे? तिथे माझी दोरांची माहिती आटोपली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत तुला सांगायला हवी. लिफ्टच्या छतावर उभं राहून काम करायचं असेल तर उतरण्याआधी तीनदा ओरडून विचारायचं, आत कोणी आहे का. उत्तर आलं नाही की मगच पाऊल टाकायचं आणि लाल बटण दाबून लिफ्ट जागच्या जागी बांधायची. तीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलं नव्हतं. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी एका सहामजली कचेरीत काम निघालं. लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजत नव्हती. माझा जोडीदार गच्चीवर मशीनच्या खोलीत. त्याने लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आणून उभी केली. मी चौथ्यावर किल्लीने दार उघडलं. खाली काळोखात लिफ्टचं छत. विचारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, उत्तर आलं तर? म्हणून मी विचारलंच नाही. गुपचूप उतरलो, लाल बटण दाबलं आणि घंटेच्या तारा शोधू लागलो. (‘काम चालू आहे’ची पाटी तळमजल्यावर लावली होती. तिसऱ्यावर लावायची राहिली, आणि तिसऱ्यावरच तिघंजण आत शिरले होते, हे नंतर कळलं.)

पाच मिनिटांनी माझ्या पायाखालून दोन ठोके आले. जरा थांबून तिसरा. आणि पत्र्याखालून बाईचा आवाज: वर कोण आहे? ताई, माझी बोबडीच वळली. उजव्या गुडघ्यावर जो बसलो तो तसाच थिजलो. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर एकही आठवेना. आठवला एकोणिसाचा पाढा, जो शाळेत मला कधीच आला नव्हता. तो म्हणायला लागलो. आत होत्या कचेरीच्या मोठ्या बाई, त्यांचा कारकून आणि कागदांवर सही घ्यायला आलेले एक गृहस्थ. त्यांनी घंटा दाबून दाबून पाहिली म्हणे. ती दुरुस्त करणारा त्यांच्या डोक्यावर बसून एकोणीस साते एकशे तेहतीस म्हणत होता. ते ऐकून त्या गृहस्थांनी बाकीच्यांना हळूच सांगितलं की वर जे काही आहे त्याला डिवचू नका, त्याचं त्याला म्हणू द्या. म्हणून तेही गप्प झाले. त्यांची शांतता ऐकून माझी उरलीसुरली हिंमत गेली. असे आम्ही चौघं चाळीस मिनिटं एकमेकांना घाबरून, मध्ये एक पत्रा ठेवून, बसलो होतो. शेवटी इतका वेळ माझी हाक कशी नाही म्हणून जोडीदार बघायला खाली आला, तेव्हा सुटका झाली. मोठ्या बाई हल्ली जिन्याने जातात. साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे, की विचारणा का केली नाही आणि छतावर पाढे म्हणण्याचं प्रयोजन काय. पहिल्याचं खरं उत्तर दिलं तर अब्रू जाते, आणि दुसऱ्याचं मलाच ठाऊक नाही.

घरी लंगडत गेलो, तेव्हा जेवताना सांगणं भागच पडलं. पोरीने आधी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग अशी हसली की चमचा ताटाबाहेर पडला. वर्षभराने तिचं हसू ऐकलं. मग विचारू लागली. ठोका बोटाचा होता की अंगठीचा? पत्र्यावरचा की लाकडावरचा? मधला वेळ किती? पाढ्याचा आवाज घुमत होता का? मी सगळं सांगत गेलो आणि ती वहीत उतरवत गेली. पाऊण तास झाला तरी आमचं चालूच. तुझ्या भावजयीने ताटं उचलली तेही आम्हाला कळलं नाही.

परवाच्या रविवारी सिनेमा झाला नाही. तिला आवाज टिपायचे होते म्हणून साहेबांना विचारून मी तिला आमच्या वर्कशॉपमधल्या चाचणीच्या लिफ्टपाशी नेलं. ती दाराला कान लावून उभी राहिली. मी लिफ्ट वर नेली, खाली आणली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, उतरताना खाली डावीकडे काहीतरी कोरडं घासतंय. उघडून पाहिलं तर लिफ्ट ज्या दोन रुळांवर चालते त्यातल्या डाव्याचं तेल संपलेलं. ताई, हे ऐकू यायला मला नोकरीची दोन वर्षं लागली होती. मी तिला म्हटलं, आवाज काय शिकायचा असं मी बोललो ते चुकलंच. ती म्हणाली, हो. मग जरा थांबून म्हणाली, पण तुम्हाला चांगलं ऐकू येतं, बाबा. मला इतकं भरून आलं की मी तेलाचा डबा शोधायला निघून गेलो, आणि डबा माझ्याच हातात होता.

तर आता विनंती. तुझ्याकडे आल्यावर तिच्या या सिनेमांना सक्त बंदी घाल. माझा शब्द ती मोडते, तुझा मोडत नाही. असल्या सिनेमांनी माणसाची झोप जाते, कामातलं लक्ष उडतं आणि चांगल्या घरातली माणसं छतावर सापडतात. अभ्यास करू दे, वेळेवर जेवू दे, चांगलं काही बघू दे. तुझा लोभ आहेच; तो या लंगड्या भावावरही राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. शेवटचा परिच्छेद खोड. पान फाडून नव्याने लिहिलं असतं, पण जेवणाची सुट्टी संपत आली आहे. बंदी घालू नकोस. तिला सिनेमे बघू दे, अगदी थाईसुद्धा.

ता. क. दुसरा. सकाळी तुझ्या भावजयीला सहज म्हटलं, तुझं बरं आहे, झोपून जातेस. ती म्हणाली, मी एकदाही झोपले नाही, नुसते डोळे मिटून असते. आठ रविवार, ताई. म्हणजे घाबरायचं काम दोघांत वाटलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

ता. क. शेवटचा, आणि खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. पोरीला कशाचंच भय नाही असं मी वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. सिनेमातले आवाज एकेक करून बंद होऊ लागले की तिचा डावा पाय हळूच सरकत येतो आणि माझ्या पायावर टेकतो. आवाज परत आले की निघून जातो. तिने याबद्दल कधी काही म्हटलं नाही, मीही नाही. तुला असले सिनेमे अजिबात आवडत नाहीत हे ठाऊक आहे. तरी रविवारी दुपारी तिच्या डाव्या हाताला बस. डोळे मिटलेस तरी चालेल. फक्त पाय काढून घेऊ नकोस.